काटा, ताप आणि वाहते नाक : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात लसींविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती. त्यानंतर नागपूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : लस घेतलेली नसताना आणि औषधही सुरू नसताना शरीर रोगजंतूंना अडवते ते कशाच्या बळावर? पाठ्यपुस्तके या व्यवस्थेला अविशिष्ट संरक्षण किंवा जन्मजात प्रतिकारक्षमता म्हणतात. एकेका जंतूला हेरून त्याच्यापुरती प्रतिपिंडे घडवणारी विशिष्ट प्रतिकारक्षमता पहिल्या गाठीभेटीत कामाला लागायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ घेते. अविशिष्ट संरक्षण मात्र आधीपासून जागेवर असते किंवा काही मिनिटांत, फार तर काही तासांत, हजर होते. या वेळी फक्त त्याविषयीची पत्रे निवडली असून लांब पत्रे आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. कलमांच्या खुंटावर फुटलेले जंभेरीचे धुमारे काढताना माझ्या उजव्या हाताच्या बोटात काटा गेला. दोन दिवसांत बोट लाल होऊन सुजले, ठणका लागला, तिसऱ्या दिवशी टोकाला पू दिसू लागला आणि काखेत अवधाणही आले. शेजारी म्हणतात, बिब्ब्याचा चटका द्या. मुलगा म्हणतो, पू झाला म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे. खरे काय? (काटोल)

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी गोष्ट उलटी धरली आहे. पू धरणे हे पांढऱ्या पेशी कामाला लागल्याचे चिन्ह आहे. कर्करोगावरच्या काही औषधांमुळे ज्यांच्या रक्तातल्या या पेशी अगदी कमी झालेल्या असतात, अशा रुग्णांच्या जखमेत गंभीर लागण होऊनही पुष्कळदा पू दिसत नाही, आणि डॉक्टरांना खरी धास्ती त्याचीच वाटते.

काटा कातडीच्या आत शिरला तेव्हा त्याच्यासोबत झाडावरचे, मातीतले आणि आपल्याच कातडीवरचे जंतू आत गेले. तिथे पहारा देत असलेल्या पेशींना त्याचा सुगावा लागला आणि त्यांनी हिस्टामिन व इतर रसायने सोडली. त्यामुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या, म्हणून बोट लाल आणि ऊन झाले. वाहिन्यांच्या भिंती सैल पडून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपला, म्हणून सूज आली. आणि ती सूज व ती रसायने यांनी तिथल्या मज्जातंतूंना डिवचले, म्हणून ठणका लागला. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन ग्रंथकाराने एकत्र नोंदवून ठेवली होती. त्यांतली उष्णता सोडून बाकीची तीन लक्षणे आपण पत्रात त्याच क्रमाने लिहिली आहेत.

झिरपलेल्या त्या पाण्यातून पूरक प्रथिने जखमेत पोचतात. ही तीसहून अधिक प्रथिने रक्तात सदैव असतात आणि त्यांतली बहुतेक यकृतात तयार होतात. त्यांतली काही जंतूच्या अंगाला चिकटून त्याला खुणेने दाखवून देतात, तर काही एकत्र येऊन थेट त्याच्या आवरणाला भोक पाडतात. पाठोपाठ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. त्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर निसटतात आणि रसायनांच्या मागावर सरपटत जंतूंपर्यंत जाऊन त्यांना गिळतात. गिळलेला जंतू मारण्यासाठी या पेशी आपल्या पोटात हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकल्यावर जंतू मारणारे द्रव्य तयार होते ते हेच. ते घडवणारे विकर (एन्झाइम) स्वतः हिरव्या रंगाचे असते, आणि पुवाला किंवा जुनाट सर्दीतल्या शेंबडाला येणारी हिरवट झाक त्याचीच असते. (म्हणूनच शेंबूड हिरवा झाला एवढ्या एका कारणावरून अँटिबायोटिक मागू नये. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो हिरवा होतो.) आपल्या हाडांतला मगज रोज साधारण शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार करतो, त्या काही तास ते काही दिवस जगतात आणि कामी आल्या की मेलेले जंतू व गळलेल्या ऊतींसह पू होऊन बाहेर पडतात.

पेशी जंतूंना गिळतात हे लक्षात आले तेही काट्यामुळेच. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातल्या तारामाशांच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे टोचले. भटक्या पेशी परक्या वस्तूकडे धाव घेतात, असा त्याचा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. आपण बागाईतदार आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो : घराच्या ज्या लहानशा बागेतून त्याने ते काटे आणले, तिथे संत्र्याच्याच कुळातले एक छोटे झाड होते आणि नाताळानिमित्त मुलांसाठी ते सजवलेले होते. भक्षक पेशींवरच्या या कामासाठी त्याला १९०८ साली पाऊल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बोटाचे. बिब्बा लावू नका. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि जंतूंना आणखी एक दार उघडते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो काढल्याशिवाय दाह शमणार नाही, कारण भक्षक पेशींना काटा गिळता येत नाही. तो डॉक्टरांकडून काढून घ्या. मनगटाकडे लाल रेघ चढू लागली, थंडी वाजून ताप आला किंवा आपल्याला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी दाखवा. काखेतले अवधाण म्हणजे हाताकडून येणारा लसिकारस गाळणारी गाठ कामाला लागून फुगलेली आहे. जखम बरी झाली की ती बहुधा आपोआप बसते. धनुर्वाताचे इंजेक्शन अलीकडे घेतलेले नसेल तर मात्र ते चुकवू नका. धनुर्वाताचा जंतू खोल, हवा न पोचणाऱ्या जखमेत वाढतो आणि त्याचे विष मज्जातंतूंत शिरते. त्या विषापुढे वर वर्णिलेली सगळी फौज तोकडी पडते.

प्रश्न : मी रोज अंघोळीला वज्रीने आणि जंतुनाशक साबणाने अंग खसखसून घासते, तरीही पायांना भेगा आणि मांडीला खाज सुटते. स्वच्छता अजून वाढवावी का? (सक्करदरा)

उत्तर : कमी करावी. आपण घासून काढता तो मेलेल्या, केराटिनने भरलेल्या पेशींचा थर हीच आपली कोटाची भिंत आहे. तो आतून सतत नवा होत असतो आणि वरून झडताना चिकटलेले जंतूही सोबत घेऊन जातो. कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यावर तेलग्रंथींतल्या स्निग्ध आम्लांचा लेप असतो. पुष्कळ रोगजंतूंना हे मानवत नाही, आपल्या कायमच्या रहिवासी जीवाणूंना मात्र ते सोसते आणि त्यांनी जागा अडवून ठेवल्यामुळे उपऱ्यांना थारा मिळत नाही. साधा साबण आम्लारीधर्मी असतो, त्यामुळे हा लेप धुऊन जातो आणि पूर्ववत व्हायला काही तास लागतात. वज्री टाचांपुरती ठेवा, साबण काखा, जांघा, हात आणि पाय यांच्यापुरता वापरा आणि अंग ओलसर असतानाच थोडे खोबरेल लावा. खाज गोलाकार चट्ट्यांत असेल तर तो नायटा असू शकतो. त्याला औषध लागते.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत माझे नाक आतून कोरडे पडते, खपल्या धरतात, कधी रक्तही येते. दिवसभर ऑफिसात एसी असतो, रात्री घरी कूलर. नाकातला ओलावा जाण्याने आजार वाढतात का? (मनीषनगर)

उत्तर : वाढू शकतात. नाकापासून फुप्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंतच्या वाटेला आतून चिकट श्लेष्म्याचे अस्तर असते आणि त्याच्याखाली प्रत्येक पेशीवर शेकडो सूक्ष्म केस असतात. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने वल्ह्यासारखे हलतात आणि त्यावरचा श्लेष्मा, त्यात अडकलेली धूळ व जंतू यांच्यासह, घशाकडे सरकवत राहतात. तो आपण नकळत गिळतो आणि पुढचा हिशेब जठरातले आम्ल चुकता करते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि हवेत ओल जवळपास नसते; अशा हवेत श्लेष्मा घट्ट होतो, केसांची वल्ही त्यात रुतून बसतात आणि खपली निघाली की खालची उघडी जागा जंतूंना मिळते. तंबाखूचा आणि चुलीचा धूरही हेच करतो. सिगारेट ओढणाऱ्याला सकाळी उठल्यावर लागणारी ढास ही थकलेल्या केसांचे काम खोकल्यावर येऊन पडल्याची खूण असते.

या श्लेष्म्यात नुसता चिकटपणा नसतो. १९२१ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी स्वतःच्या सर्दीतला शेंबूड जंतूंच्या बशीत टाकून पाहिला, तेव्हा त्याच्या आसपासचे जंतू विरघळून गेलेले दिसले. त्यातल्या विकराला त्यांनी लायसोझाइम हे नाव दिले. पुढे ते अश्रूंतही सापडले, आणि मग अश्रू मिळवण्यासाठी प्रयोगशाळेतल्या मंडळींच्या डोळ्यांत लिंबाच्या साहाय्याने पाणी आणले जाऊ लागले! लाळेत, घामात आणि अंड्याच्या पांढऱ्या भागातही हे विकर असते. ते काही जीवाणूंच्या भिंतीची वीणच उसवते. पेनिसिलिनमुळे फ्लेमिंग जगाला माहीत झाले, पण मला स्वतःला त्यांचा हा आधीचा शोध अधिक लोभस वाटतो.

अतिशय बारीक कण मात्र ही सगळी वाट ओलांडून फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत जातात. तिथे केस नसतात, महाभक्षक पेशी असतात. क्षयाचा जंतू नेमका याच कणांतून आत जातो, महाभक्षक पेशी त्याला गिळते आणि तो तिच्या पोटातच, पचनाची सोय चुकवून, बिऱ्हाड करतो. अविशिष्ट संरक्षणाला हूल देण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर एसी हवा आणखी कोरडी करतो, कूलर उलट तिच्यात ओल घालतो. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला, खपल्या नखाने उचकटू नका, नाकातले केस उपटू नका. रक्त वारंवार येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कूलरचे पाणी मात्र दर आठवड्याला पूर्ण ओतून टाकी घासून कोरडी करा. त्या पाण्यात वाढणारा एडिस डास डेंग्यूचा विषाणू सुईने टोचावा तसा थेट कातडीखाली सोडतो. वरचा कोट कितीही भक्कम असला तरी उपयोगी पडत नाही.

प्रश्न : मला तिखट सोसत नाही, पण सावजी रस्सा सुटत नाही. त्यामुळे दोन वर्षांपासून ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी घेतो. अलीकडे बाहेर काही खाल्ले की पोट बिघडते. दोन्हींचा संबंध आहे का? (महाल)

उत्तर : असू शकतो. जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल अन्नाबरोबर आलेल्या बहुतेक जीवाणूंना तिथेच संपवते. पटकीचा जंतू आम्लापुढे इतका दुबळा असतो की निरोगी माणसाला आजारी पाडायला तो फार मोठ्या संख्येने पोटात जावा लागतो. आम्ल मारून ठेवले असेल तर त्याच्या कितीतरी कमी जंतूंनी काम भागते. आपण घेता त्या प्रकारच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये आतड्याच्या लागणी अधिक आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसलेले आहे. सगळेच जंतू आम्लाला घाबरत नाहीत. रक्ती आव घडवणाऱ्या शिगेला जंतूंचे दहा ते शंभर जीवाणूही पुरतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी तर युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचे आम्ल निवळतो आणि जठरातच मुक्काम ठोकतो. जठरव्रणाचे मूळ त्याच्यात असल्याचे दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. आपण गोळी मनाने बंद करू नये आणि मनाने चालूही ठेवू नये. दोन वर्षे जळजळ होत असेल तर तिचे कारण शोधून घ्यायला हवे. रश्श्याबद्दल मी काही म्हणत नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. अविशिष्ट संरक्षण जंतूंमध्ये भेद करत नाही असे शिकवतात. मग ते आपल्याच पेशींवर हल्ला का करत नाही? (हिंगणा)

उत्तर : प्रश्न उत्तम आहे. शास्त्रज्ञांनाही तो बराच काळ अडला होता. ही व्यवस्था एका जंतूला दुसऱ्यापासून वेगळे ओळखत नाही, पण जंतूंच्या जातीला आपल्यापासून वेगळे नक्कीच ओळखते. जीवाणूंच्या भिंतीत, काहींच्या शेपटीत, विषाणूंच्या आरएनएमध्ये असे काही नमुने असतात की जे आपल्या पेशींत नसतात किंवा तशा जागी नसतात. आपल्या भक्षक पेशींवर हे नमुने पकडणारे ग्राही असतात, असा तर्क चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडला. १९९६ मध्ये जूल्स हॉफमन यांच्या गटाने फळमाशीत दाखवले की टोल नावाचे जनुक बिघडले की माशी बुरशीच्या लागणीने मरते, आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरातला तशाच धाटणीचा ग्राही जीवाणूंच्या भिंतीतला नमुना ओळखतो हे सिद्ध केले. दोघांना २०११ च्या नोबेलचा वाटा मिळाला. आपल्या पेशींच्या अंगावर पूरक प्रथिनांना थोपवणारी प्रथिने असतात, तीही आपल्याला वाचवतात. तरीही चूक होते. जंतू रक्तात पसरले की हाच दाह अंगभर भडकतो, रक्तदाब कोसळतो आणि अवयव निकामी होऊ लागतात. अशा रक्तदोषाच्या (सेप्सिसच्या) रुग्णाला मारण्यात जंतूंइतकाच वाटा या भडक्याचा असतो. परीक्षेत एवढे लिहिण्याची गरज नाही, पण ‘भेद करत नाही’ हे वाक्य तेवढे नेमके करून लिहा.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला ताप आला की सासूबाई म्हणतात, ताप अंगातली घाण जाळतो, औषध देऊ नकोस. मी मात्र शंभर झाला की लगेच गोळी देते. बरोबर कोण? (प्रतापनगर)

उत्तर : सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. भक्षक पेशींनी सोडलेली रसायने मेंदूतल्या तापमान ठरवणाऱ्या केंद्रापर्यंत पोचली की तिथला काटाच वर सरकवला जातो. शरीराला मग स्वतःची नेहमीची उष्णता कमी वाटू लागते, म्हणून कणकण येते, हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात आणि मूल पांघरुणात शिरते. काटा खाली आला की घाम फुटतो. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लूगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सरड्याला आतून ताप आणता येत नाही, तो उबेला जाऊन बसतो. जंतू टोचलेल्या सरड्यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवले, तेव्हा अधिक उबेत ठेवलेले अधिक संख्येने जगले. ताप जंतूंच्या वाढीला अडचण करतो आणि पांढऱ्या पेशींना चपळ करतो, त्यामुळे मूल खेळते-पिते आहे आणि थर्मामीटर शंभर-एकशे एक दाखवतो आहे, तर घाईने गोळी देण्याचे कारण नाही. मूल मलूल झाले, अंग दुखून रडू लागले, पाणी पिईनासे झाले तर वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल अवश्य द्या. त्याने आराम पडतो. त्याचा हेतूही तेवढाच आहे.

परंतु घाण जळते म्हणून वाट पाहत बसणेही धोक्याचे आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी लगेच रुग्णालयात न्यावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरल्यावर निर्धास्त होऊ नये, कारण डेंग्यूत खरा कठीण काळ पुष्कळदा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी निघा.

नागपुरात राहून आणखी एक भेद प्रत्येक घरात माहीत असला पाहिजे. नवतप्यात ऊन लागून अंग तापते तो या अर्थाने ताप नव्हेच. तिथे मेंदूतला काटा जागच्या जागी असतो आणि उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था हरलेली असते. शरीर १०४ अंशांच्या वर जाते, माणूस बरळू लागतो, शुद्ध हरपते. पॅरासिटामॉल काटा खाली आणणारे औषध आहे, त्यामुळे इथे त्याचा काहीही उपयोग नाही. सावलीत आणणे, कपडे सैल करणे, अंगावर पाणी मारून वारा घालणे, काखेत-जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलावणे, एवढेच करायचे असते. ज्याची शुद्ध हरपली आहे त्याच्या तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या मुलीला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. डॉक्टरांनी काही आजार नसतानाही दिवसातून दोनदा पेनिसिलिन सुरू केले आणि पाच वर्षांची होईपर्यंत चालू ठेवा असे सांगितले. इतके अँटिबायोटिक दिल्याने तिची स्वतःची प्रतिकारशक्ती मरणार नाही का? (उत्तर नागपूर)

उत्तर : मरणार नाही, ती एका ठिकाणी आधीच दुबळी होत असते आणि हे औषध त्या खिंडारावर उभे केलेले आहे. विदर्भात सिकलसेल अनेक कुटुंबांत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डाव्या बरगड्यांच्या आड पाणथरी, म्हणजे प्लीहा, असते. तिच्यातल्या अरुंद वाटांतून रक्त अगदी सावकाश झिरपते आणि वाटेवर बसलेल्या महाभक्षक पेशी त्यातले जंतू टिपून घेतात. इतर अवयवांतही अशा पेशी आहेत. पण न्यूमोकोकससारख्या काही जीवाणूंभोवती शर्करेचे गुळगुळीत वेष्टन असते, ते भक्षक पेशींच्या हाती नीट लागत नाहीत. पूरक प्रथिने किंवा प्रतिपिंडे अंगाला चिकटली तरच ते पकडीत येतात. अंगावर अशा खुणा कमी असलेला जंतू टिपण्यात पाणथरीचा हात कोणी धरू शकत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना या वेष्टनाविरुद्ध प्रतिपिंडेही चांगली घडवता येत नाहीत, म्हणजे या वयात सगळा भार पाणथरीवर असतो. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी नेमक्या याच अरुंद वाटांत अडकतात, रक्त तुंबते आणि पाणथरीचे ऊतक थोडे थोडे करून मरत जाते. काही मुलांत ती हाताला मोठी लागते तरी काम करत नसते, म्हणून ‘पाणथरी वाढली आहे, म्हणजे चांगली आहे’ असा समज करून घेऊ नये.

अशा मुलांच्या रक्तात न्यूमोकोकस शिरला तर काही तासांत जिवावर बेतू शकते. १९८६ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रोज पेनिसिलिन घेणाऱ्या लहान मुलांमध्ये ही लागण ८४ टक्क्यांनी कमी आढळली. फरक इतका ठळक होता की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. तेव्हा औषधाचा एकही डोस चुकवू नका. न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस यांच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण करा. त्यातून घडणारी प्रतिपिंडे त्या गुळगुळीत वेष्टनाला पकड देतात. आणि वरच्या पत्राला दिलेले उत्तर आपल्या मुलीला लागू नाही : तिला १०१ च्या वर ताप आला तर घरी वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा आणि दारातच ‘सिकलसेल एसएस’ असे सांगा. पोट एकाएकी फुगून मूल पांढरेफटक पडले तरीही तसेच करा, कारण कधी कधी रक्त पाणथरीतच साचून बसते. पाणथरी बोटांनी चाचपून पाहण्याची रीत डॉक्टरांकडून शिकून घ्या. आईवडिलांना ती सहज जमते.

एएस म्हणजे नुसते वाहक असलेल्या मुलांना हे काही लागत नाही. घरातल्या इतरांची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या.

प्रश्न : संत्री खाल्ल्याने प्रतिकारशक्ती वाढते ना? मग सर्दीसाठी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कशाला? शिवाय हल्ली मिळणारे ‘इम्युनिटी’चे काढे घ्यावेत का? (धरमपेठ)

उत्तर : न्यूट्रोफिल आपल्यात रक्तद्रवाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व साठवून ठेवतात, तेव्हा ते त्यांना लागते यात शंका नाही. परंतु लागते तेवढे मिळाल्यावर आणखी ओतल्याने पेशी अधिक शूर होत नाहीत. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर रोज क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या सर्वसाधारण माणसांना सर्दी कमी वेळा झाली नाही. झाली तेव्हा प्रौढांमध्ये ती सुमारे ८ टक्के कमी काळ टिकली, म्हणजे आठवड्यात जेमतेम अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या घेऊन तर काहीच ठोस फायदा दिसलेला नाही. काढ्यांबद्दल विचारायचे झाले तर नेमके काय वाढते, हे विकणाऱ्याला विचारून पाहा : न्यूट्रोफिलची संख्या, पूरक प्रथिने, की ताप? अंगातला दाह सरसकट वाढणे ही काही कोणी मागून घ्यावी अशी गोष्ट नाही. रोजची झोप, पोटभर प्रथिने आणि मधुमेह असल्यास ताब्यात ठेवलेली साखर यांचा उपयोग कितीतरी अधिक आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ मध्ये, काळ्या बुरशीने ज्यांना गाठले त्यांतल्या फार मोठ्या संख्येला अनियंत्रित मधुमेह होता. त्या बुरशीचे कण आपण सगळेच श्वासातून घेत असतो. वाढलेल्या साखरेने भक्षक पेशी मंदावतात आणि रक्त आम्लधर्मी झाले की एरवी बांधून ठेवलेले लोह बुरशीला मोकळे मिळते.

संत्री मात्र चवीसाठी भरपूर खावीत. कळमन्याहून पेटी आणली की एकदा बारकाईने पाहा : सगळ्यांत आधी हिरवी बुरशी धरते ते फळ बहुधा तोडताना नख लागलेले, देठाशी ओरखडलेले किंवा खाली दबून साल फुटलेले असते. ती बुरशी पेनिसिलियम कुळातली असते आणि अखंड सालीतून तिला सहसा आत शिरता येत नाही. खरचटलेली फळे पहिल्या दिवशीच वेगळी काढून संपवा, बाकीची पुष्कळ दिवस टिकतील.